चार पराभवांची दोन वर्षं

सुमोच्या नोंदवहीत एकच आकडा लागोपाठ दोनदा आला आहे. २००९ : विजय ८६, पराभव ४. २०१० : विजय ८६, पराभव ४. दोन्हींपुढे नाव एकाच पैलवानाचं, हाकुहो. वर्षाला सहा स्पर्धा, त्यांना बाशो म्हणतात. बाशो पंधरा दिवसांचा आणि वरच्या गटातल्या पैलवानाला रोज एक कुस्ती. सहा पंधरे नव्वद. १९५८ पासून हे गणित असंच चालू आहे आणि नव्वदातल्या शहाऐंशीच्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही.

आकडा तोच, पण वर्षं सारखी नाहीत. पहिल्या वर्षी शहाऐंशी कुस्त्या मारूनही हाकुहोला सहापैकी तीनच बाशो जिंकता आले. दुसऱ्या वर्षी तेवढ्याच विजयांत पाच. आणि २००९ च्या चार वर्षं आधी, २००५ मध्ये, असाशोर्यू नावाच्या दुसऱ्या मोंगोलियन पैलवानाने दोन विजय कमी असताना, म्हणजे ८४ वरच, सहाच्या सहा बाशो खिशात घातले होते. सुमोत तसं आधी कोणी केलं नव्हतं, नंतरही केलेलं नाही. मग विक्रमी वर्ष म्हणायचं कुठलं? माझं मत २०१० च्या बाजूने आहे. त्याला कारण विजयांपेक्षा त्या वर्षातले पराभव कुठे पडले हे जास्त आहे.

आधी आखाड्याबद्दल थोडं. आपल्याकडे पाठ टेकल्याशिवाय कुस्तीचा निकाल नाही. तोंडघशी पडलेला पैलवान उठतो, माती झटकतो, पुन्हा भिडतो. सुमोत तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला, हाताचं एक बोट टेकलं, तरी खेळ संपला. किंवा पाऊल रिंगणाबाहेर गेलं तरी. आणि रिंगण केवढं? व्यास ४.५५ मीटर, कडेने भाताच्या पेंढ्याची मातीत पुरलेली गाठोडी. वजनी गट नाहीत. सव्वाशे किलोच्या समोर पावणेदोनशे किलोचा येऊ शकतो. मीठ उधळणं, बसणं, उठणं, एकमेकांच्या डोळ्यांत बघणं यात चार मिनिटं जातात आणि खरी कुस्ती पुष्कळदा दहा सेकंदांतच उरकते. पाय घसरला तर सावरायला वेळच नाही. अशा खेळात वर्षभरात शंभरातल्या पंचाण्णव कुस्त्या जिंकणं म्हणजे काय, हे तालमीतला माणूस लगेच ओळखेल.

सगळ्यात वरचं पद योकोझुनाचं. बाकीचे बहुतेक पैलवान पंधरात आठ जिंकले तर वर सरकतात, आठ हरले तर खाली येतात. योकोझुनाला खाली यायला पायरीच ठेवलेली नाही. जमेना झालं की केसांची शेंडी कापून निवृत्त व्हायचं. त्यामुळे दुखापत झालेला योकोझुना हरत बसण्यापेक्षा बाशो अर्धवट सोडतो, आणि विक्रमी वर्षाच्या शक्यता बहुतेक वेळा तिथेच संपतात. नव्वदातले सात-आठ दिवस जरी दुखण्यात गेले, तरी हिशेब संपला. शिवाय योकोझुनाला हरवण्याचं बक्षीस मोठं असतं. माएगाशिरा म्हणजे वरच्या गटातल्या साध्या दर्जाच्या पैलवानाने त्याला पाडलं तर त्याच्या नावावर ‘सोनेरी तारा’ लागतो, आणि त्यापुढे वरच्या दोन गटांत आहे तोवर प्रत्येक बाशोला चाळीस हजार येन जादा मिळत राहतात. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार येन, एका कुस्तीपोटी. पहिल्या आठवड्यात योकोझुनासमोर अशीच भुकेली पोरं उभी केली जातात. ओझेकी (योकोझुनाच्या लगेच खालचं पद) आणि दुसरा योकोझुना, म्हणजे खरे तगडे, नंतर येतात.

असाशोर्यूच्या आधी वर्षाचा विक्रम २७ वर्षं कितानोउमीच्या नावावर होता. १९७८ : ८२ विजय. जानेवारीत पंधरापैकी पंधरा, मार्चमध्ये तेरा, मेमध्ये चौदा, जुलैत पुन्हा पंधरा, सप्टेंबरमध्ये चौदा. पाच बाशो लागोपाठ जिंकून तो नोव्हेंबरला फुकुओकात आला तेव्हा सहाही त्याचेच होणार असं वाटणं साहजिक होतं. तिथे तो चार कुस्त्या हरला आणि नवा योकोझुना दुसरा वाकानोहाना पंधराच्या पंधरा जिंकून गेला. वर्षाचा शेवटचा बाशो क्यूशू बेटावर असतो, आणि या लेखात फुकुओकाचं नाव पुन्हा पुन्हा येईल. सुमोतली मोठी वर्षं तिथेच पुरी होतात किंवा मोडतात.

२००५ मध्ये असाशोर्यूला दुसरा योकोझुनाच नव्हता. ताकानोहाना आणि मुसाशिमारू दोघेही २००३ मध्ये निवृत्त झाले होते. रान मोकळं होतं असं म्हणणारे तेव्हाही होते. पण रान अगदीच मोकळं नव्हतं. सप्टेंबरच्या बाशोत तो पहिल्याच दिवशी हरला आणि बल्गेरियाचा कोतोओशू बारा कुस्त्या न हरता पुढे निघाला. तेराव्या दिवशी असाशोर्यूने त्याला स्वतः अडवलं, चौदाव्या दिवशी एकोणीस वर्षांच्या किसेनोसातोने कोतोओशूला पाडलं, आणि शेवटी दोघांचे तेरा-तेरा होऊन निर्णायक कुस्तीत असाशोर्यू जिंकला. किसेनोसातो हे नाव लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे. नोव्हेंबरला फुकुओकात असाशोर्यूने सहावा बाशो जिंकला, आधीच्या वर्षाचा शेवटचा धरून लागोपाठ सातवा, आणि कितानोउमीचा ८२ चा आकडा मागे टाकला. एरवी उर्मट म्हणून बदनाम असलेला हा माणूस त्या दिवशी आखाड्याच्या कडेला रडला. कितानोउमी तेव्हा सुमो संघटनेचा अध्यक्ष होता.

आता २००९. हाकुहोला योकोझुना होऊन दोन वर्षं झाली नव्हती आणि असाशोर्यू संपला असं जवळजवळ सगळ्यांनी ठरवलं होतं. कोपराच्या दुखण्यामुळे तीन बाशो लागोपाठ एक तर अर्धवट, नाही तर पूर्णच हुकले होते. जानेवारीत तो परतला तो सरळ चौदा कुस्त्या जिंकत गेला. शेवटच्या दिवशी हाकुहोने त्याला हरवलं. दोघांचे चौदा-चौदा. मग लगेच निर्णायक कुस्ती, आणि ती असाशोर्यूने मारली. मार्चमध्ये हाकुहोचे पंधरापैकी पंधरा. मेमध्ये तेहतीस विजयांची मालिका चौदाव्या दिवशी कोतोओशूने तोडली. ओझेकी हारुमाफुजी बरोबरीला आला आणि निर्णायक कुस्ती जिंकून गेला. जुलै हाकुहोचा. सप्टेंबरमध्ये जानेवारीची तंतोतंत पुनरावृत्ती झाली : असाशोर्यू चौदा दिवस न हरता आला, शेवटच्या दिवशी हाकुहोने त्याला पाडलं, अर्ध्या तासाच्या आत निर्णायक कुस्तीत असाशोर्यूने हिशेब चुकता केला. त्या दिवशी त्याचा एकोणतिसावा वाढदिवस होता. बाशो जिंकल्यावर त्याने दोन्ही हात उंचावले आणि योकोझुनाला हे शोभत नाही म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली. तीच बोलणी त्याने जानेवारीतही खाल्ली होती. नोव्हेंबरला हाकुहोने पुन्हा पंधरापैकी पंधरा मारले आणि ८६ चा आकडा लागला.

यात एक बारीक नियम आहे. निर्णायक कुस्त्या विजय-पराभवाच्या नोंदीत धरत नाहीत. म्हणजे २००९ मध्ये हाकुहो कागदावर चार वेळा हरला, पण लोकांच्या डोळ्यांदेखत सात वेळा; आणि न धरलेल्या तिन्ही पराभवांनी एकेक बाशो नेला. म्हणून २००९ चा ८६ मला नेहमीच थोडा हिशेबनीसाचा आकडा वाटत आला आहे. तो खोटा नाही, पण त्या वर्षात खरी गोष्ट असाशोर्यूची होती.

आकड्यांची एक गंमत इथेच सांगून टाकतो. समजा एखाद्या पैलवानाची प्रत्येक कुस्ती जिंकण्याची शक्यता ८६ ला ९० ने भागून येते तेवढी आहे, म्हणजे साडेपंचाण्णव टक्के. प्रत्येक कुस्ती स्वतंत्र धरली, तर अशा पैलवानाने एक बाशो एकही न हरता जिंकण्याची शक्यता निम्म्याला लागून येते. इतका बलाढ्य माणूस, तरी निम्मे बाशो पराभवाचा डाग घेऊन जायचेच. वर्षभरात नव्वदपैकी नव्वद जिंकायची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी. आणि स्वतःचा ८६ चा विक्रम मोडायची, म्हणजे सत्याऐंशी किंवा जास्त मारायची, शक्यता शंभरात त्रेचाळीस. हा झाला हाकुहोच्या ताकदीचा माणूस. २००५ च्या असाशोर्यूच्या दर्जाचा, ८४ वाला, असेल तर हीच शक्यता शंभरात चौदावर येते. आणि सरासरी एक्क्याऐंशी जिंकणारा, म्हणजे तोही दिग्गजच, असेल तर शंभरात दोनही नाही. वरून बघताना ८१ आणि ८६ शेजारी दिसतात, मधली दरी खाली उतरल्यावर कळते. अर्थात कुस्त्या स्वतंत्र नसतात. गुडघा सुजला की दहा दिवस सुजलेलाच असतो. त्यामुळे खऱ्या जगात शक्यता याहून कमीच धरायच्या.

हाकुहोसारखा माणूस आला कुठून? वडील मोंखबात हे मोंगोलियाचे नावाजलेले पैलवान, नादाम उत्सवातल्या कुस्त्यांचे अजिंक्यवीर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत रौप्यपदक मिळवलं. त्या देशाने ऑलिंपिक पदकं पहिल्यांदा पाहिली ती त्याच वर्षी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणल्यावर आपल्याकडे काय झालं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उलानबातरमध्ये या घराचं वजन किती असेल हे वेगळं सांगायला नको. (खाशाबांच्या त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशिईने नेलं होतं.) पण मुलगा २००० मध्ये पंधराव्या वर्षी जपानला आला तेव्हा वजन बासष्ट किलो. ओसाकात दोन महिने सराव केला, बरोबरच्या पोरांना एकेक तालमीचे वस्ताद घेऊन गेले, याला कोणी घेईना. परतीची वेळ आली तेव्हा मियागिनो तालमीने हो म्हटलं. खाणं, झोपणं, पुन्हा खाणं. सात वर्षांत तो दीडशे किलोच्या घरात आणि बाविसाव्या वर्षी एकोणसत्तरावा योकोझुना. उजवा हात आत, डाव्याने वरून कमरपट्टा. ही पकड बसली की समोरचा हलायचा थांबायचा.

२०१० ची सुरुवात मात्र वाईट झाली. जानेवारीत तो तीन कुस्त्या हरला. बाशो असाशोर्यूने जिंकला, त्याचा पंचविसावा. आणि मग फेब्रुवारीच्या चार तारखेला असाशोर्यू निवृत्त झाला. बाशो चालू असतानाच एका रात्री टोकियोत नाइटक्लबबाहेर त्याने एका माणसाला मारल्याचं प्रकरण निघालं होतं; काढून टाकण्याआधी त्याने स्वतःच पाऊल उचललं. हाकुहो एकटा उरला. प्रतिस्पर्धी गेल्यावर राजाचं काम सोपं होतं असं आपल्याला वाटतं. पण सुमोत एकट्या योकोझुनावर एका खेळाडूची जबाबदारी असते तशीच सगळ्या धंद्याची जबाबदारी येते.

ती लगेचच आली. पैलवान आणि वस्ताद बेसबॉलवर जुगार लावत होते, त्याचे धागे गुंडांच्या टोळ्यांपर्यंत जात होते. ओझेकी कोतोमित्सुकीला संघटनेतून काढलं, एका वस्तादालाही. जुलैचा नागोयाचा बाशो व्हावा की नाही यावरच वाद झाला. झाला, पण एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने थेट प्रक्षेपण बंद ठेवलं. १९५३ मध्ये टीव्हीवर सुमो सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. विजेत्याला मिळणारा सम्राट चषकही दिला गेला नाही. त्या बाशोत हाकुहोने पंधरा जिंकले, जुन्या काळचा योकोझुना ताइहो याची पंचेचाळीस विजयांची मालिका मागे टाकली, आणि चषकाशिवायच्या समारंभात त्याला रडू आवरलं नाही. ऑगस्टमध्ये सम्राटांच्या दरबारातून त्याला कौतुकाचं पत्र आलं. सप्टेंबरला पुन्हा पंधरा. मार्च, मे, जुलै, सप्टेंबर : साठ कुस्त्या, साठ विजय. जानेवारीच्या शेवटच्या दोन धरून बासष्ट. माजी योकोझुना चियोनोफुजीचा त्रेपन्नचा टप्पा वाटेत गेला. आधुनिक सुमोत वर फक्त एक आकडा शिल्लक राहिला, एकोणसत्तर.

तो आकडा फुताबायामाचा. १९३६ च्या जानेवारीत सुरू झालेली मालिका १९३९ च्या जानेवारीपर्यंत चालली, कारण तेव्हा वर्षाला दोनच बाशो असत, तेही आधी अकरा आणि मग तेरा दिवसांचे. त्याला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, आणि हे त्याने कारकीर्दभर लपवून ठेवलं. १५ जानेवारी १९३९ ला अकिनोउमीने त्याला हरवलं. त्या रात्री त्याने आपल्या गुरुस्थानी असलेल्या विद्वान यासुओका मासाहिरोंसाठी तार पाठवली, अजून लाकडी कोंबडा होता आलं नाही अशा अर्थाची. जुन्या चिनी गोष्टीत झुंजीच्या कोंबड्याला इतकं शिकवलेलं असतं की शेवटी तो लाकडाचा असल्यासारखा निश्चल उभा राहतो आणि समोरचे कोंबडे बघूनच पळतात. हाकुहोने फुताबायामाच्या जुन्या चित्रफिती पाहून त्याची चाल अभ्यासली होती. समोरच्याला आधी उठू द्यायचं आणि तरीही पकड आपणच आधी बसवायची, ही ती चाल.

नोव्हेंबर २०१०, फुकुओका. पहिल्या दिवशी त्रेसष्टावा विजय. सातव्या दिवशी फुताबायामाची बरोबरी, आठव्या दिवशी, रविवारी, सत्तर. सगळं गणित मांडून झालं होतं. शक्यताही तशी वाईट नव्हती : साडेपंचाण्णव टक्केवाल्याला पहिल्या दिवसानंतर पुढच्या सात कुस्त्या सलग जिंकण्याची संधी शंभरात सत्तरच्या वर असते.

दुसऱ्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, समोर किसेनोसातो होता, माएगाशिरात पहिल्या क्रमांकावर. इबाराकीचा, नारुतो तालमीचा. माजी योकोझुना ताकानोसातो तिथला वस्ताद, मेहनतीबाबत कडक म्हणून नाव असलेला. हाकुहो उठला, भिडला, थप्पड मारली आणि त्या क्षणी घाई केली. जो माणूस वर्षभर वाट बघून पकड घेत होता त्याने त्या दिवशी वाट पाहिली नाही. किसेनोसातोने कमरेला बिलगून रेटलं आणि हाकुहो रिंगणाबाहेर प्रेक्षकांत जाऊन पडला. नंतर पत्रकारांसमोर तो विसरलेल्या पराभवाची चव पुन्हा घेतल्यासारखा बोलला. उरलेल्या तेरा कुस्त्या त्याने जिंकल्या, बरोबरीला आलेल्या तोयोनोशिमाला निर्णायक कुस्तीत हरवून बाशोही नेला. लागोपाठ पाचवा.

म्हणून मी २०१० धरतो. चार पराभवांतले तीन जानेवारीत, एक नोव्हेंबरात आणि मधे एकही नाही. २००९ चे चार पराभव वर्षभर विखुरले आणि त्यांनी तीन बाशो नेले. २०१० मध्ये ते दोन टोकांना गोळा झाले. जानेवारी ते नोव्हेंबर अशी विजयांची सलग पट्टी आधुनिक सुमोने त्याआधी फुताबायामाच्या काळातच पाहिली होती, आणि त्याला पट्टी भरायला तीन वर्षं मिळाली होती. रान मोकळं होतं हा आक्षेप २००५ सारखाच इथेही आहे आणि तो खोडता येत नाही. असाशोर्यू असता तर साठ सलग झाले असते का? मला शंका आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जुगाराच्या तपासात जप्त केलेल्या मोबाइलमधून आधीच ठरवलेल्या कुस्त्यांचे संदेश बाहेर आले. मार्चचा ओसाकाचा बाशो रद्द झाला. १९४६ नंतर प्रथमच. वीसहून अधिक जणांना घालवलं, बहुतेक दुसऱ्या गटातले. हाकुहोचं नाव त्यात नव्हतं. असाशोर्यूवर त्याआधी एका साप्ताहिकाने असेच आरोप केले होते आणि न्यायालयात ते साप्ताहिक हरलं. अर्थतज्ज्ञ मार्क डगन आणि स्टीव्हन लेविट यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की शेवटच्या दिवशी सात-सात वर अडकलेला पैलवान अपेक्षेपेक्षा फारच जास्त वेळा जिंकतो, कारण आठव्या विजयाची त्याला सगळ्यात जास्त गरज असते. ही कीड मुख्यतः मधल्या फळीतली. पण विक्रमांकडे बघताना डोक्यात एक बारीक प्रश्न राहतो, आणि तो नाही असं भासवणं मला जमत नाही. किसेनोसातोची ती कुस्ती बघितली की एवढं तरी वाटतं, ही ठरवलेली नव्हती.

मालिका तुटल्यावर माणूस काय करतो यातही फरक आहे. ताइहोची पंचेचाळीसची मालिका १९६९ च्या मार्चमध्ये ओसाकात तोदा नावाच्या पैलवानासमोर संपली. रेफ्रीने ताइहोचा हात वर केला होता, परीक्षकांनी निर्णय फिरवला, आणि छायाचित्रांत दिसलं की पाय आधी तोदाचा बाहेर गेला होता. त्यानंतरच सुमोत व्हिडिओ बघून निर्णय द्यायची पद्धत आली. ताइहोची भूमिका अशी की चूक होऊ शकेल अशी कुस्ती आपण खेळायलाच नको होती. हाकुहोने २०१५ च्या जानेवारीत तेहतिसावा बाशो जिंकून ताइहोचा बत्तीसचा विक्रम मोडला, आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर परीक्षकांवर तोंडसुख घेतलं, कारण एका कुस्तीत विजय स्पष्ट असताना त्यांनी ती पुन्हा लढायला लावली होती. त्या कुस्तीत समोर परत किसेनोसातोच होता. २०१३ च्या जुलैत हाकुहोची त्रेचाळीसची मालिकाही त्यानेच तोडली होती. पुढे हाकुहो पंचेचाळीस बाशोंपर्यंत गेला, त्यांतले सोळा एकही कुस्ती न हरता, आणि २०२१ मध्ये पंधरापैकी पंधरा मारूनच थांबला. वस्ताद झाल्यावर त्याच्या तालमीतल्या पैलवानाने केलेल्या मारहाणीचं प्रकरण झालं, तालीम बंद करून दुसऱ्या तालमीत घातली गेली, आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याने संघटना सोडली.

किसेनोसातोचं वर्ष मात्र कधी आलंच नाही. २०१६ मध्ये त्याने सगळ्यांपेक्षा जास्त कुस्त्या जिंकल्या, एकोणसत्तर, आणि बाशो एकही नाही. वर्षातला सर्वाधिक विजयी, पण करंडकाशिवाय. तसं आधी कधी झालं नव्हतं. २०१७ च्या जानेवारीत अखेर पहिला बाशो मिळाला आणि एकोणीस वर्षांनी जपानला जपानमध्ये जन्मलेला योकोझुना मिळाला. मार्चमध्ये डावा खांदा आणि छाती दुखावली असताना तो लढायला उतरला, शेवटच्या दिवशी ओझेकी तेरुनोफुजीला दोनदा (दुसऱ्यांदा निर्णायक कुस्तीत) हरवून बाशो जिंकला, आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं. तो हात पुन्हा कधी धड झाला नाही. लागोपाठ आठ बाशो हुकले किंवा अर्धवट सुटले, आणि २०१९ च्या जानेवारीत तो निवृत्त झाला.

आज तो निशोनोसेकी तालमीचा वस्ताद आहे, आणि त्याच्या हाताखालचा ओनोसातो २०२५ च्या मेमध्ये पंचाहत्तरावा योकोझुना झाला. पदार्पणापासून अवघ्या तेरा बाशोंत, आजवर सगळ्यांत लवकर. दुसऱ्या बाजूला चौऱ्याहत्तरावा योकोझुना होशोर्यू, तो असाशोर्यूचा पुतण्या. २०२५ च्या सप्टेंबर बाशोच्या शेवटच्या दिवशी होशोर्यूने ओनोसातोला हरवून बरोबरी साधली आणि निर्णायक कुस्तीत ओनोसातोने बाशो नेला. दोन योकोझुनांमध्ये अशी निर्णायक कुस्ती त्याआधी झाली होती २००९ च्या सप्टेंबरात, असाशोर्यू आणि हाकुहोची.

ओनोसातोचे २०२५ चे विजय भरले एकाहत्तर. त्या वर्षी सर्वाधिक तेवढेच. सत्याऐंशी गाठायला अजून सोळा हवेत, म्हणजे प्रत्येक बाशोला जवळजवळ तीन जादा. ताकद आहे, तोल अजून कच्चा आहे. समोर होशोर्यू आहे आणि युक्रेनहून आलेला आओनिशिकी आहे. शक्यता मी तरी शंभरात दोनच्या पुढे नेणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरला फुकुओकात चौदा दिवस झाले तेव्हा ओनोसातो, होशोर्यू आणि आओनिशिकी तिघेही अकरा-तीनवर होते. ओनोसातोचा डावा खांदा दुखावलेला होता. पंधराव्या दिवशी तो उतरला नाही. होशोर्यूला न लढता विजय मिळाला, आणि निर्णायक कुस्तीत होशोर्यूला हरवून बाशो आओनिशिकीने जिंकला.